सीमाभागात ‘द ग्रेट डिक्टेटर’ : उपहास कुठवर पोचतो याच्या प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर, बेळगाव

प्रकल्पाचा आराखडा आज नक्की झाला. एका संस्कृतीत जन्मलेला उपहास दुसऱ्या संस्कृतीतल्या प्रेक्षकाला हसवू शकतो का, हा प्रश्न आमच्या चित्रपट अभ्यास गटात वारंवार निघतो आणि प्रत्येक वेळी ज्याच्या त्याच्या मतावर येऊन थांबतो. या वेळी एकच चित्रपट घ्यायचा, त्याला मराठी आणि कन्नड सबटायटल स्वतः तयार करायची, तो बेळगाव, निपाणी, गोकाक आणि खानापूर येथे दाखवायचा आणि प्रेक्षक कुठे हसले, कुठे थांबले, कुठे शेजाऱ्याकडे पाहून हसले, हे लिहून ठेवायचे असे ठरले.

चित्रपट म्हणून चार्ली चॅप्लिन यांच्या १९४० सालच्या ‘द ग्रेट डिक्टेटर’ची निवड झाली. चॅप्लिन यांचा हा पहिला पूर्ण बोलपट. त्यात त्यांनी दोन भूमिका केल्या आहेत : टोमेनिया या काल्पनिक देशाचा हुकूमशहा हिंकेल आणि त्याच्यासारखाच दिसणारा एक ज्यू केशकर्तनकार. चॅप्लिन आणि हिटलर या दोघांचा जन्म एप्रिल १८८९ मधला, चार दिवसांच्या अंतराने. चित्रीकरण सप्टेंबर १९३९ मध्ये, म्हणजे युरोपात युद्ध पेटले त्याच महिन्यात सुरू झाले. ज्याची टिंगल चालली होती तो माणूस त्या वेळी सत्तेवर होता आणि त्याची सत्ता वाढत होती. आज आपण हा चित्रपट सुरक्षित अंतरावरून पाहतो, आणि मला वाटते की आमच्या प्रश्नाची खरी अडचण या अंतरातच आहे.

१५ नोव्हेंबर

सबटायटल कोणत्या लिपीत, हा प्रश्न बाहेरच्याला साधा वाटेल. येथे तो साधा नाही. घरात मराठी बोलणारी पण कन्नड माध्यमात शिकलेली एक मोठी पिढी या जिल्ह्यात आहे. तिला मराठी विनोद कानाने लगेच कळतो, मात्र देवनागरी ओळ ती अडखळत वाचते. याच्या उलट, बेळगावच्या जुन्या पेठांतली वयस्कर माणसे बाजारात सफाईने कन्नड बोलतात, पण त्यांना कन्नड अक्षर फारसे वाचता येत नाही. ‘मराठी प्रेक्षकाला मराठी, कन्नड प्रेक्षकाला कन्नड’ ही वाटणी म्हणूनच कागदावर नीट दिसते आणि सभागृहात टिकत नाही.

दोन्ही लिपी एकाच वेळी पडद्यावर दाखवण्याचा प्रयोग करून पाहिला. चार ओळींनी पडद्याचा खालचा भाग भरून जातो आणि चॅप्लिन यांच्या पायांची चाल झाकली जाते. ज्या नटाचा निम्मा अभिनय गुडघ्याखाली आहे त्याचे पाय झाकून अभ्यास कसला करायचा? शेवटी प्रत्येक गावी एकच लिपी ठेवायची आणि ज्यांना ती वाचता येत नाही त्यांच्यासाठी एक निवेदक बाजूला बसवायचा असे ठरले. मूकपटांच्या काळात आपल्याकडे पडद्याजवळ उभे राहून पाट्या वाचून दाखवणारी माणसे असतच. ही जुनी रीत आहे आणि ती आजही कामाला येईल असा माझा विश्वास आहे.

२१ नोव्हेंबर

आज रूपांतर आणि भाषांतर यांतल्या फरकावर दीर्घ चर्चा झाली. एका सदस्याचे म्हणणे असे की नावे, पदार्थ, संदर्भ सरळ येथलेच करून टाकावेत. त्यांनी पु. ल. देशपांडे यांच्या ‘अंमलदार’चा दाखला दिला. गोगोल यांचे रशियन नाटक पु. लं.नी मराठी मुलखात आणले आणि ते येथलेच वाटले. दाखला योग्य आहे, पण तो रंगभूमीचा आहे. नाटकात गाव बदलता येते, वेश बदलता येतो, अधिकाऱ्याच्या हातात लवंग-वेलदोड्याचे पान देता येते. चित्रपटात घरांच्या भिंती, गणवेश, टोप्या आणि रस्ते छापलेले असतात. पडद्यावर युरोपातली गल्ली दिसत असताना खाली बेळगावच्या खडेबाजाराचे नाव लिहिले, तर प्रेक्षक त्या विसंगतीलाच हसेल आणि मूळ उपहास बाजूला राहील.

नावांच्या बाबतीत म्हणूनच निर्णय लवकर झाला. हिंकेलच्या मंत्र्यांची आणि शेजारच्या हुकूमशहाच्या देशाची नावे इंग्रजी कानाला कचरा, मासळी आणि जंतू यांची आठवण करून देतात. तो विनोद आपल्याकडे येणार नाही. तो सोडून द्यायचा आणि नावे उच्चाराप्रमाणे ठेवायची. जेथे विनोद केवळ ध्वनीच्या योगायोगावर उभा आहे तेथे हट्ट धरण्यात अर्थ नाही, कारण त्याच प्रसंगात नटाच्या देहातून येणारा दुसरा विनोद प्रेक्षकाची वाट पाहत असतो.

हिंकेलच्या भाषणांना मात्र सबटायटल द्यायचेच नाही, यावर कोणाचे दुमत नव्हते. ती भाषा कोणतीच भाषा नाही. जर्मन ऐकल्याचा भास होतो, मध्येच खाद्यपदार्थांची नावे येतात, खोकलाही शब्दासारखा येतो. लंडनच्या प्रेक्षकाला तिचा जेवढा अर्थ लागला तेवढाच बेळगावच्या प्रेक्षकाला लागेल. साऱ्या चित्रपटात सर्व देशांचे प्रेक्षक समान पातळीवर येतात ते येथे.

२९ नोव्हेंबर

आज सगळा वेळ केशकर्तनकाराच्या प्रश्नाला गेला आणि तो जायलाच हवा होता.

मूळ चित्रपटात नायकाचा व्यवसाय हा केवळ व्यवसाय आहे. त्याचा छळ होतो तो तो ज्यू आहे म्हणून. मराठी किंवा कन्नड सबटायटलमध्ये त्याच्या धंद्याचा जुना शब्द लिहिला की आपल्याकडे लगेच जात उभी राहते. महाराष्ट्रात नाभिक समाज, कर्नाटकात सविता समाज, आणि दोन्हीकडे या व्यवसायावरून झालेल्या अवहेलनेचा इतिहास. चाचणीसाठी बोलावलेल्या प्रेक्षकांपैकी एका तरुणाने पहिल्या अर्ध्या तासानंतर विचारले, “सर, त्या काळी तिकडे पण न्हाव्यांना असंच वागवायचे काय?” त्याने जे पाहिले त्याचा अर्थ त्याने आपल्या समाजातून लावला, आणि तो अर्थ लावण्यात तो चुकला असे मला म्हणवत नाही. अपमान काय असतो हे त्याला कळले होते, फक्त त्या अपमानाचे कारण त्याने येथले घेतले होते.

उपहास दुसऱ्या संस्कृतीत जातो तेव्हा त्यातले पीडित कोण, हे नव्या प्रेक्षकाला नव्याने ओळखावे लागते. युरोपातल्या प्रेक्षकाला ज्यू म्हणजे कोण हे सांगावे लागत नव्हते. आपल्याकडे कोकणात बेने इस्रायली कित्येक शतके राहिले, तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांचा छळ झाल्याची आठवण आपल्या समाजात नाही, कारण तो झालाच नाही. हे आपल्या भूमीचे चांगलेपण आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने ‘ज्यू’ हा शब्द आमच्या प्रेक्षकाच्या मनात कसलीही भीती जागी करीत नाही. दुकानाच्या काचेवर सैनिक तो शब्द रंगवतात, तेव्हा पडद्यावरची माणसे थरारतात आणि सभागृहातली माणसे रंगाचा डबा कोणाच्या डोक्यावर पडतो याची वाट पाहतात.

सबटायटलमध्ये ‘केशकर्तनकार’ आणि कन्नडमध्ये ‘क्षौरिक’ असे ठेवले आहे. शब्द थोडे जड आहेत, पण ते कोणाला हिणवत नाहीत.

७ डिसेंबर, बेळगाव

पहिला खेळ. सभागृह बऱ्यापैकी भरले होते. टिळकवाडी, शहापूर, वडगाव येथून आलेली मंडळी, काही महाविद्यालयीन मुले, काही निवृत्त शिक्षक. सबटायटल मराठी, बाजूला कन्नड निवेदक अक्का.

सर्वांत मोठा हशा कुठे आला हे मी अधोरेखित करून ठेवतो, कारण मला त्याची अपेक्षा या प्रमाणात नव्हती. हिंकेल पहिल्या जाहीर सभेत आपल्या त्या बनावट भाषेत बोलत असतो आणि एक दुभाषी त्याचे इंग्रजीत भाषांतर करीत असतो. हिंकेल आरडाओरडा करतो, ध्वनिक्षेपकाची दांडीसुद्धा त्याच्या आवाजाने मागे वाकते. तो ज्यूंविषयी दात-ओठ खात लांबलचक गरळ ओकतो आणि दुभाषी अगदी शांत स्वरात सांगतो की महामहिमांनी आत्ताच ज्यू लोकांचा उल्लेख केला. त्याच्या आधी लोकशाही, स्वातंत्र्य आणि भाषणस्वातंत्र्य या तिन्हींना हिंकेल एकच ओंगळ शब्द वापरतो आणि दुभाषी मात्र दर वेळी शब्द बदलत ते अधिकाधिक सभ्य करीत नेतो. आम्ही तिसऱ्या वाक्याला ‘भाषणस्वातंत्र्य आक्षेपार्ह आहे’ असे लिहिले होते. ‘आक्षेपार्ह’ या शब्दाला सभागृह फुटले.

या हशाचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. बेळगावात वाढलेल्या माणसाने दुभाष्यांच्या सावलीतच आयुष्य काढलेले असते. एका भाषेत दहा मिनिटांचे भाषण होते आणि दुसऱ्या भाषेत त्याचे दोन वाक्यांत सार येते. एका भाषेत झालेली खडाजंगी दुसऱ्या भाषेच्या इतिवृत्तात ‘चर्चा झाली’ अशी उतरते. घरात आजीसाठी, दवाखान्यात शेजाऱ्यासाठी, बाजारात पाहुण्यासाठी प्रत्येकाने कधी ना कधी मधल्या माणसाचे काम केलेले असते, आणि तीव्र शब्द मऊ करून पुढे द्यायची कला त्याच्या अंगवळणी पडलेली असते. चॅप्लिन यांना सीमाभाग ठाऊक असण्याचे कारण नाही. तरी १९४० मधला तो दुभाषी येथल्या प्रेक्षकाला ओळखीचा वाटला, आणि मराठीभाषक व कन्नडभाषक एकाच क्षणी हसले. ते एकत्र हसणे मला फार मोलाचे वाटले.

जवळच येणारा दुसरा प्रसंग टंकलेखिकेचा. हिंकेल लांब वाक्य सांगतो, ती एवढेसे टंकते. तो एक शब्द उच्चारतो, ती ओळीमागून ओळी टंकत जाते. निवृत्त कारकून मंडळी बसली होती त्या रांगांतून हा हशा उठला, मुलांच्या रांगांतून नाही.

१३ डिसेंबर

सुवर्ण विधान सौधात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असल्यामुळे शहरात सभागृहे आणि निवासाच्या खोल्या मिळत नाहीत. पुढचे खेळ महिनाअखेरीवर ढकलले. दरम्यान सबटायटलच्या वेळा सुधारण्याचे काम चालू आहे. मराठी जोडाक्षरांची ओळ डोळ्याला जास्त वेळ लागते, त्यामुळे वाक्ये छोटी करणे भाग आहे.

२८ डिसेंबर, निपाणी

निपाणीचा प्रेक्षक मराठीच, पण बेळगावपेक्षा वेगळा. कोल्हापूरकडे तोंड असलेला, तमाशा आणि लोकनाट्य पाहत वाढलेला. तंबाखूच्या वखारींत आयुष्य घालवलेल्या बऱ्याच मावश्या आल्या होत्या. त्यांच्यातल्या अनेकींना सबटायटल वाचणे जमत नव्हते, म्हणून निवेदक आमच्यातलेच एक तात्या. त्यांना मी आधीच विनंती केली होती की वाक्य सांगा, विनोद समजावू नका.

येथे दुभाष्याला बेताचा हशा आला आणि दोन हुकूमशहांच्या भेटीला सभागृह डोक्यावर घेतले गेले. शेजारच्या देशाचा हुकूमशहा नॅपलोनी आगगाडीने येतो, पण गाडी कधी पुढे, कधी मागे थांबते आणि पायघड्या घेतलेली माणसे तिच्यामागे धावत राहतात. पुढे दोघे शेजारी शेजारी केशकर्तनाच्या खुर्च्यांवर बसतात आणि आपली खुर्ची दुसऱ्याहून उंच व्हावी म्हणून दांडा हलवत तिला छताकडे नेत राहतात. एक मावशी मोठ्याने म्हणाल्या, “आगं, आमच्या पटांगणात सत्काराला हेच असतंय की! कुणाची खुर्ची मधी, त्याच्यावरनं निम्मा दिवस.” त्यानंतर त्यांना काही समजावण्याची गरज उरली नाही.

बतावणीतला सोंगाड्या राजाला प्रश्न विचारतो, प्रधानाची फजिती करतो, सिंहासनाच्या पायरीवर बसून सिंहासनाचीच मापे काढतो. हे पाहण्याची सवय असलेल्या प्रेक्षकाला सत्ताधाऱ्याची चेष्टा परकी वाटतच नाही. ‘पाश्चात्त्य विनोद ग्रामीण माणसाला कळत नाही’ असे शहरात सहज बोलले जाते. निपाणीत आज जे दिसले त्यावरून मला हे विधान निराधार वाटते. निदान सत्तेच्या तोऱ्यावरचा विनोद तरी कळण्यासाठी शिक्षण लागत नाही. ज्याने कोणाच्या तरी खुर्चीसमोर उभे राहून वाट पाहिली आहे त्याला तो कळतो.

पण आजच्या खेळातली दुसरी गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. संशोधक हिंकेलला गोळी न लागणारा पोशाख दाखवायला येतो, हिंकेल गोळी झाडतो, माणूस कोसळतो. दुसरा टोपीतले हवाई छत्र दाखवण्यासाठी उंचावरून उडी मारतो आणि मरतो. हिंकेल फक्त वेळ वाया गेल्याची तक्रार करतो. लोक पोट धरून हसले. हे हसू चॅप्लिन यांनाही हवेच होते, यात शंका नाही. पण त्यांना हवे असलेले हसू कडवट होते. त्यात ‘हा माणूस खरोखरच असा आहे आणि आज सत्तेवर आहे’ ही जाणीव मिसळलेली होती. आजचे हसू निखळ होते. त्यात कडवटपणा नव्हता.

४ जानेवारी

निपाणीच्या खेळावर विचार करीत आहे.

आपल्याकडे ‘हिटलर’ हा शब्द फार हलका झालेला आहे. कडक मुख्याध्यापक म्हणजे हिटलर, शिस्तीचा सासरा म्हणजे हिटलर. मुले हा शब्द हसत हसत वापरतात आणि काही वेळा कौतुकानेही वापरतात. चित्रपटातले हिंकेलचे चिन्ह दोन फुल्यांचे आहे, ते ज्या चिन्हाची नक्कल आहे ते आमच्या उंबऱ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर आणि लग्नपत्रिकेवर मंगलचिन्ह म्हणून असते. दुसऱ्या महायुद्धात ठार मारले गेलेले साठ लाख ज्यू हा आमच्या पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद आहे. म्हणजे ज्या भयाला चॅप्लिन हसून सामोरे गेले ते भय आमच्या प्रेक्षकाकडे मुळात नाहीच. विनोद पोचतो, पण त्याला ज्याच्याशी झुंजायचे आहे ते मागेच राहते.

खुद्द चॅप्लिन यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की जर्मन छळछावण्यांतील खरी भीषणता त्या वेळी माहीत असती, तर आपण हा चित्रपट करूच शकलो नसतो. मला हे वाक्य आमच्या प्रकल्पाच्या मध्यभागी ठेवावेसे वाटते. निर्मात्याने जे माहीत नसताना विनोद केला ते आज आपल्याला माहीत आहे, आणि तरीही आपण त्याच्यापेक्षा अधिक निर्धास्तपणे हसतो. याला संस्कृतीचे अंतर कारण आहे, काळाचेही आहे.

गटात दोन मते पडली. एक मत असे की चित्रपटाआधी इतिहास सांगावा. दुसरे मत असे की आधी सांगितले की माणसे सावध होऊन बसतात, हसायला लाजतात आणि मग आपण काय अभ्यासणार. दोन्ही मतांत तथ्य आहे. गोकाकला आधी सांगून पाहायचे आणि खानापूरला निराळा मार्ग शोधायचा असे ठरले.

११ जानेवारी, गोकाक

सबटायटल कन्नड. प्रेक्षक जवळजवळ पूर्ण कन्नडभाषक. कन्नड शिकवणाऱ्या एका सरांनी सुरुवातीला पाव तास बोलून जर्मनीतले ज्यूविरोधी कायदे, नोव्हेंबर १९३८ मधल्या रात्री फोडली गेलेली दुकाने आणि जाळली गेलेली प्रार्थनास्थळे, पुढच्या छळछावण्या हे सर्व अतिशय नेमके सांगितले.

परिणाम दुहेरी झाला. ज्यू वस्तीतल्या प्रसंगांना सभागृह गंभीर राहिले. हॅना नावाची मुलगी खिडकीतून तव्याने सैनिकांच्या डोक्यात हाणते आणि चुकून नायकाच्या डोक्यातही हाणते, तेथेसुद्धा हसू दबके आले. म्हणजे भय पोचले, पण विनोदाच्या वाटेत उभे राहिले. चॅप्लिन यांनी ती हाणामारी त्या वस्तीतल्या माणसांना थोडा दिलासा मिळावा म्हणून रचली असावी असे मला वाटते. तो दिलासा आज कोणी घेतला नाही.

दुभाष्याच्या प्रसंगाला येथे किरकोळ हसू आले. एकाच भाषेत सर्व व्यवहार होणाऱ्या माणसाला दुभाष्याची अडचण अनुभवाने माहीत नसते. बेळगावपासून गोकाक काही दूर नाही, तरी हा फरक पडला. हसण्याची सीमा मराठी आणि कन्नड यांच्यामध्ये नाही, ती अनुभवाच्या कडेने जाते असे मी आता काहीशा ठामपणे लिहू शकतो.

खेळानंतर एका आजोबांनी खुर्च्यांच्या प्रसंगावर श्रीकृष्ण पारिजाताची आठवण काढली. गोकाकजवळच्या कुलगोडच्या तम्मण्णांनी घडवलेला हा खेळ या मुलखाचा प्राण. एका फुलावरून सत्यभामेचा मान कसा चढतो आणि कृष्णाची कशी तारांबळ उडते, यावर माणसे रात्रभर हसतात. आजोबांच्या मते हिंकेल आणि नॅपलोनी यांच्यात सत्यभामेचा अहंकार आहे, फक्त त्यांना समजावणारा कृष्ण नाही. या एका वाक्यात लोकनाट्यातला राजा आणि चॅप्लिन यांचा राजा यांच्यातला फरक आला. लोकनाट्यात ज्याची चेष्टा होते तो शेवटी आपला असतो, त्याला माफ करायचे असते. हिंकेलला माफी नाही.

परतताना मनात येत होते की आपल्या दोन्ही भाषांची रंगभूमी तरी एकमेकींपासून कुठे वेगळी वाढली? सांगलीला १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी मराठीत पहिले नाटक केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून प्रभावित झालेल्या राजाच्या सांगण्यावरून. परक्या भाषेतला खेळ पाहून आपल्या भाषेत काहीतरी घडवावेसे वाटणे ही येथली फार जुनी गोष्ट आहे.

१७ जानेवारी

खानापूरच्या निवेदनाची मराठी कोणती असावी यावर बोलणे झाले. प्रमाण मराठी ठेवली तर ती पुस्तकी वाटते. येथली कानडी हेल असलेली बोली ठेवली तर पुण्या-मुंबईचा पाहुणा त्या हेलालाच हसतो. पु. लं.नी बेळगावच्या रावसाहेबांचे व्यक्तिचित्र रंगवले, तेव्हापासून आमची बोली महाराष्ट्राच्या प्रेमाचा विषय झाली आणि काहीशी करमणुकीचाही. त्या लेखनात रावसाहेबांविषयी अपार माया आहे, म्हणून ते टिकले. पण माया नसलेल्या माणसाच्या तोंडी तीच लकब नक्कल होते. येथल्या माणसाला येथल्या बोलीत स्वतःचे हसू येत नाही, तो त्या बोलीत दुसऱ्या कशाला तरी हसतो. निवेदक तात्यांनी आपल्या नेहमीच्या बोलण्यात बोलावे, आणि ती बोली विनोदासाठी वापरू नये, एवढेच ठरले.

२५ जानेवारी, खानापूर

आजचा खेळ या प्रकल्पातला सर्वांत महत्त्वाचा ठरला.

इतिहास आधी सांगायचा नाही आणि नंतरही नाही, तर मध्यंतरात सांगायचा असे आम्ही ठरवले होते. मध्यंतर ही आपल्या चित्रपटगृहांची रीत. मूळ चित्रपटात तशी जागा नाही, पण आमच्या प्रेक्षकाच्या शरीराला तिची सवय आहे. सावकाराने हिंकेलला कर्ज नाकारण्याच्या थोडे आधी आम्ही चित्रपट थांबवला. तोपर्यंत माणसे मनसोक्त हसली होती. सभेतले भाषण, वाकणारा ध्वनिक्षेपक, वाकताना आपल्याच नेत्याला पायऱ्यांवरून ढकलून देणारा मंत्री, सगळ्याला भरभरून दाद मिळाली होती. चहा झाला. मग एका निवृत्त मास्तरांनी दहा मिनिटांत, आवाज न चढवता, त्या गल्ल्यांतल्या खऱ्या माणसांचे पुढे काय झाले ते सांगितले.

मध्यंतरानंतर तो प्रसंग येतो. वस्तीत शांत संध्याकाळ आहे, नायक आणि हॅना फिरायला निघाले आहेत, आणि अचानक रस्त्यावरच्या कर्ण्यांतून हिंकेलचा आवाज येतो. तीच बनावट भाषा, तेच खेकसणे, तोच खोकला. रस्ता क्षणात रिकामा होतो. नायक लपण्यासाठी धडपडतो, त्याच्या धडपडीतही चॅप्लिन यांनी गमतीच्या जागा ठेवल्या आहेत. तासाभरापूर्वी याच आवाजाला सभागृह खदखदले होते. आता कोणी हसले नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका शाळकरी मुलाने हसायला तोंड उघडले आणि पडद्यावरची बंद होणारी दारे पाहून मिटले.

बेळगाव आणि निपाणीला याच जागी लोक हसले होते, कारण आवाज त्यांना आधीच्या हशाची आठवण करून देत होता. गोकाकला लोक हसले नाहीत, पण ते सभेतल्या भाषणालाही मोकळेपणाने हसले नव्हते. खानापूरला ते आधी हसले आणि मग त्यांना कळले की आपण ज्याला हसलो तो आवाज ज्यांच्या दारात आला त्यांच्यासाठी काय होता. उपहासाला या दोन्ही पायऱ्या लागतात, आणि त्याच क्रमाने लागतात, असे मला आज वाटते.

पुढे नाण्याच्या प्रसंगाला सभागृह पुन्हा हसले. हुकूमशहाला मारायला कोणी जायचे हे ठरवण्यासाठी पुडिंगमध्ये नाणे लपवलेले असते. हॅनाने प्रत्येकाच्या पुडिंगमध्ये नाणे घातलेले असते, आणि प्रत्येक जण आपले नाणे गुपचूप दुसऱ्याकडे सरकवतो. आता त्या हसण्यात भित्र्या माणसांविषयी जिव्हाळा होता. मरणाची चिठ्ठी आपल्या नावाने निघू नये असे कोणाला वाटणार नाही?

१ फेब्रुवारी

शेवटच्या भाषणाविषयी. केशकर्तनकाराला हिंकेल समजून व्यासपीठावर चढवतात आणि तो माणुसकीचे भाषण करतो. त्या काळच्या अनेक समीक्षकांना हे भाषण चित्रपटाला चिकटवल्यासारखे वाटले होते, विनोदाचा सूर मोडून उपदेश सुरू झाला असे ते म्हणाले. आमच्याकडे चारही ठिकाणी त्याला टाळ्या पडल्या आणि कोणालाही सूर मोडल्यासारखे वाटले नाही. मला याचे कारण आपल्या परंपरेत दिसते. एकनाथांच्या भारुडात हसवता हसवता शेवटी परमार्थ येतो आणि श्रोता त्याची वाट पाहतच असतो. हसवणाऱ्याने अखेरीस गंभीर होऊन बोलावे हा त्याचा अधिकार आपण फार पूर्वी मान्य केला आहे. म्हणजे चित्रपटातली जी गोष्ट त्याच्या स्वतःच्या मुलखात अडखळली ती येथे विनासायास पोचली.

अहवालासाठी निर्णय पुढीलप्रमाणे. मध्यंतराची जागा कायम. दहा मिनिटांपेक्षा अधिक बोलणे नाही. हिंकेलच्या भाषणांना सबटायटल नाही. कर्ण्याच्या प्रसंगात निवेदकानेही पूर्ण गप्प राहायचे, कारण निपाणीला तात्यांचा दयाळू आवाज मध्ये आल्यामुळे त्या शांततेला जागाच मिळाली नव्हती. अथणी आणि चिकोडीच्या शाळांनी खेळ मागितला आहे. मुलांसमोर संशोधकांच्या मृत्यूचा प्रसंग आहे तसाच ठेवायचा की त्यानंतर थांबून बोलायचे, यावर पुढच्या बैठकीत शिक्षकांचे मत घेऊन ठरवू. माझे मत तो आहे तसाच ठेवावा असे आहे. मुले हसतील. मध्यंतरानंतर ती आपण कशाला हसलो ते एकमेकांना विचारतील, आणि त्या वेळी त्यांच्यासोबत बसायला प्रत्येक वर्गात एक शिक्षक असावा अशी मागणी शाळांना आजच पत्राने कळवली आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये.